खोक्यातली वाईन मुंबईत घ्यावी का, आणि घेतली तर कोणती

निकाल आधीच सांगून टाकतो. वाईन पांढरी किंवा रोझे (म्हणजे गुलाबी) असेल, पॅकिंगची तारीख चार महिन्यांच्या आतली असेल आणि घरात आठवड्याला निदान चार ग्लास संपत असतील, तर तीन लिटरचा खोका खुशाल घ्यावा. यातली एक जरी अट सुटत असेल तर बाटलीच बरी. लाल वाईनबद्दल आमचं मत जरा कडक आहे, ते पुढे येईलच.

आधी एक गल्लत दूर करू. दुकानात 'बॉक्स वाईन' म्हणून दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे टेट्रा पॅक, फळांच्या रसासारखा. तो एकदा उघडला की आत हवा शिरते आणि वाईन तीन-चार दिवसांत उतरते, म्हणजे उघड्या बाटलीपेक्षा वेगळं काही होत नाही. दुसरी वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचा खोका, त्याच्या आत प्लास्टिकची चंदेरी किंवा पारदर्शक पिशवी आणि पिशवीला चिकटवलेली तोटी. हे परीक्षण या दुसऱ्या प्रकाराचं आहे. फरक तोटीत आणि पिशवीच्या आकसण्यात आहे. वाईन काढाल तशी पिशवी चेपत जाते, काढलेल्या वाईनच्या जागी हवा येत नाही. म्हणून उघडल्यानंतरही फ्रिजमध्ये चार ते सहा आठवडे वाईन पिण्यासारखी राहते. बाटलीचं तसं नसतं. अर्धी झालेली बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा, मग तुम्ही बूच कितीही घट्ट ठोका.

नाकं मुरडणाऱ्यांसाठी एक गंमत: पिशवी-खोक्याचं हे तंत्र अमेरिकेत १९५५ च्या सुमारास आलं ते बॅटरीतल्या ॲसिडच्या वाहतुकीसाठी. वाईन त्यात भरायची कल्पना दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रेन्मार्कच्या थॉमस अँगोव्ह यांची, पेटंट १९६५ चं. तेव्हा तोटी नव्हती. पिशवीचा कोपरा कात्रीने कापायचा, वाईन ओतायची आणि कोपरा चिमट्याने बंद करायचा. हवाबंद तोटी दोन वर्षांनी आली आणि मग धंदा खरा सुरू झाला. आज स्वीडनमधल्या सरकारी दुकानांत विकल्या जाणाऱ्या वाईनपैकी निम्म्याहून जास्त खोक्यातून जाते, आणि स्वीडिश माणूस काही वाईनच्या बाबतीत अडाणी नाही. तेव्हा खोका म्हणजे हलकी वाईन हे समीकरण खोक्यामुळे झालेलं नाही, त्यात जे भरलं जात होतं त्यामुळे झालं.

मुंबईत खोक्याला सगळ्यात मोठा धोका उकाड्याचा.

काच हवा अजिबात आत सोडत नाही. पिशवी सोडते, अगदी थोडी, पण रोज. पिशवीच्या भिंतीत हवा अडवणारा एक पातळ थर असतो. चंदेरी पिशवीत तो धातूचा मुलामा दिलेल्या पॉलिस्टरचा, पारदर्शक पिशवीत बहुधा ईव्हीओएच नावाच्या प्लास्टिकचा. मुलाम्याला वारंवार दुमडलं की केसाएवढ्या भेगा पडतात, म्हणून टेम्पोतून आदळत-आपटत आलेला खोका शांतपणे आलेल्या खोक्यापेक्षा लवकर म्हातारा होतो. ईव्हीओएच कोरड्या हवेत उत्तम, पण दमटपणा वाढला की त्याची अडवण्याची ताकद कमी होते. आणि मुंबईत दमटपणाची काय कमी! त्यातच तोटीच्या सांध्यातून थोडी हवा जात असतेच. तापमान वाढलं की हवा आत शिरण्याचा वेगही वाढतो आणि आत गेलेल्या हवेने वाईन बिघडण्याचा वेगही. न उघडलेला खोका सहा ते बारा महिने टिकतो, असं जे परदेशी उत्पादक सांगतात, ते पंधरा-वीस अंशांच्या गोदामाचं गणित आहे. मे महिन्यात एसी नसलेल्या दुकानात, माळ्यावरच्या फळीवर ते लागू पडत नाही. चार महिन्यांची मर्यादा आम्ही धरली आहे ती याच हिशेबाने. दुकान एसी असेल आणि खोका खालच्या फळीवर असेल तर सहा महिन्यांपर्यंत ताणता येईल, त्यापुढे नाही.

तारीख कुठे बघायची? खोक्याच्या तळाला किंवा बाजूच्या पट्टीवर पॅकिंगचा महिना आणि बॅच नंबर छापलेला असतो. 'बेस्ट बिफोर' असेलच असं नाही. द्राक्षांच्या हंगामाचं वर्ष आणि पॅकिंगची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवा. नाशिककडे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, त्यानंतर वाईन स्टीलच्या टाकीत महिनोन्‌महिने सुखाने राहते आणि मागणी येईल तशी पिशव्यांत भरली जाते. त्यामुळे गेल्या वर्षीच्या हंगामाची पण गेल्या महिन्यात भरलेली वाईन चांगली. याच वर्षीची पण भरून सात महिने झालेली नको. खोक्यातली वाईन ठेवून सुधारत नाही. 'दिवाळीला काढू' म्हणून उन्हाळ्यात घेऊन ठेवणं म्हणजे पैसे देऊन ती बिघडवून घेणं. फोनवरून मागवत असाल तर दुकानदाराकडून तारखेचा फोटो आधी मागवा. देत नसेल तर खोका बहुधा जुनाच आहे असं समजा.

दुकानात हातात घेतल्यावर तीन गोष्टी तपासा. पुठ्ठ्याच्या तळाला ओलसर किंवा चिकट डाग असेल तर पिशवी पाझरते आहे. पावसाळ्यात पुठ्ठा नुसत्या हवेनेही मऊ पडतो, पण तो एकसारखा मऊ असतो. पाझरलेल्याला डागाची कड दिसते आणि वास येतो. खोका फुगून त्याच्या बाजू बाहेर आल्या असतील तर आत पुन्हा आंबणं सुरू झालंय, वायू धरलाय. गोडसर वाईनमध्ये साखर शिल्लक असते आणि गाळणी नीट झाली नसेल तर उकाड्यात हे होतं. असा खोका घेऊ नका. तिसरं म्हणजे हलवून ऐका. थोडा डचमळण्याचा आवाज ठीक, पण अर्धी भरलेली कळशी हलवल्यासारखा खळखळाट होत असेल तर भरताना आत जास्त हवा राहिली आहे.

किमतीचं गणित सोपं आहे आणि तेच बहुतेक लोक करत नाहीत. तीन लिटर म्हणजे ७५० मिलीच्या चार बाटल्या, दीड लिटर म्हणजे दोन. खोक्याच्या किमतीला चाराने किंवा दोनाने भागा आणि त्याच वायनरीच्या सगळ्यात स्वस्त बाटलीशी ताडून बघा. काचेचं, बुचाचं, वाहतुकीचं वाचलेलं ग्राहकाला मिळायलाच हवं. एका रिकाम्या बाटलीचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं, म्हणजे चार बाटल्यांमागे दोन किलो नुसती काच कसारा घाट उतरून येते. तीन लिटरचा रिकामा खोका पिशवीसकट पाव किलोचाही भरत नाही. एवढं वाचवून बाटलीमागे पंधरा-वीस टक्के तरी फरक पडत नसेल, तर तुम्ही फक्त पुठ्ठ्याचे पैसे देताय.

परदेशी खोका मुंबईत घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. वाईनवरचं आयात शुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला आणि तिथल्या वाईनवरचं शुल्क उतरू लागलं खरं, पण सवलत मिळायला बाटलीमागे किमान ५ अमेरिकी डॉलर आयातमूल्य लागतं. खोक्यात भरली जाणारी वाईन बहुतेक वेळा त्याखालची असते. म्हणजे तिथे जे स्वस्त म्हणून पितात त्याला इथे मधल्या दर्जाच्या नाशिकच्या बाटलीचा भाव पडतो, शिवाय कंटेनरमध्ये समुद्रावरून तापत आलेलं असतं ते वेगळंच. दुबईहून किंवा सिडनीहून कुणी आणणार असेल तर विमानतळावरची मर्यादा माणशी दोन लिटरची आहे, तीन लिटरचा एकच खोका आणला तरी ती ओलांडली जाते.

नाशिक-दिंडोरीकडचा ताजा खोका मिळाला तर घ्यावा, पण त्यात काय भरलंय ते बघून. शेनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ किंवा या दोहोंचं मिश्रण असेल तर उत्तम. या द्राक्षांची मजा ताजेपणात, फळांच्या वासात आणि आंबटपणात आहे, थंड करून प्यायची वस्तू आहे, मुरवण्याचा प्रश्नच नाही. पिशवीला नेमकी अशीच वाईन मानवते. ताज्या खोक्यातल्या शेनँला पेरूचा, थोडा मोसंबीच्या सालीचा वास येतो आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडा आंबटपणाने जाग्या होतात. तोच खोका शिळा झाला की आधी वास जातो, मग कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी चव येते आणि रंग फिक्या पिवळ्यावरून चहाच्या पाण्याकडे झुकतो. बिघडण्याचा क्रम बहुधा हाच असतो, त्यामुळे रंग बदललेला दिसला तर चाखायचीही गरज नाही.

लाल वाईनचं असं आहे, की खोक्यात भरली जाणारी शिराझ किंवा कॅबर्ने बहुधा वायनरीच्या तळाच्या मालातली असते आणि तिचा तुरटपणा लपवायला थोडी साखर ठेवलेली असते. खोलीच्या तापमानाला, म्हणजे मुंबईत तीस अंशांना, ती प्यायलात तर दारूचा भपकारा आणि गोडवा एवढंच हाती लागतं. खोका फ्रिजमध्येच ठेवून पिण्याआधी पंधरा-वीस मिनिटं ग्लास बाहेर काढून ठेवलात तर निभावते. 'रिझर्व्ह', 'बॅरलमध्ये मुरवलेली' असले शब्द खोक्यावर दिसले तर जास्तीचे पैसे देऊ नका. सँग्रियासाठी, म्हणजे फळं घातलेल्या थंड वाईनसाठी, मात्र खोक्यातली लाल वाईन झकास. एक लिटर वाईन, दोन संत्री, एक मोसंबी आणि एक सफरचंद सालीसकट चिरून, ६० मिली ब्रँडी, दोन चमचे साखर, चार तास फ्रिजमध्ये. सोडा वाढतानाच घालायचा, आधी घातला तर पार बसतो.

आता उघडण्याचं. ही वस्तू बिघडवणारे निम्मे लोक इथेच बिघडवतात. खोक्यावरच्या ठिपक्यांच्या गोलावर अंगठ्याने दाबा, सुरी लावू नका. सुरी आत गेली की पिशवीला भोक पडतं आणि मग सगळी वाईन त्याच दिवशी पातेल्यात काढावी लागते. भोकातून बोटं घालून तोटीची मान पकडा आणि बाहेर ओढा. मानेला दोन-तीन कडी असतात, पुठ्ठ्याची कड त्यातल्या खाचेत बसली पाहिजे. 'टक' असं बसल्याचं जाणवतं. नीट बसली नाही तर ओतताना तोटी आत सरकते, पिशवी वळते आणि सांध्यातून थेंब गळू लागतात. मग तोटीवरची सील पट्टी काढा, ग्लास खाली धरा आणि दाबा. पहिली धार थोडी फसफसली किंवा ओढलेल्या काडेपेटीसारखा वास आला तर घाबरू नका. पिशवीतून हवा शिरणार हे धरूनच भरताना गंधकाचं प्रमाण थोडं जास्त ठेवतात. ग्लास दहा मिनिटं ठेवा, दोनदा गोल फिरवा, वास जातो. अर्ध्या तासाने गेला नाही तर मात्र तो वाईनचाच दोष.

ठेवायचं फ्रिजमध्येच, लाल असली तरी. दाराच्या कप्प्यात तीन लिटरचा खोका मावत नाही, मधल्या फळीच्या कडेला तोटी बाहेर येईल असा बसतो. त्यासाठी दह्याचं पातेलं आणि कोथिंबिरीचा डबा हलवावा लागतो, आणि मुंबईच्या वन-बीएचकेत या वाटाघाटी वाईनपेक्षा अवघड असतात. दीड लिटरचा खोका त्या दृष्टीने शहाणपणाचा. ओतून झालं की तोटीच्या तोंडाशी एक-दोन थेंब राहतात, त्यांना बाहेरची हवा लागते आणि ते दुसऱ्या दिवशी व्हिनेगर झालेले असतात. शिवाय खोका ओट्यावर असेल तर तासाभरात मुंग्या आणि चिलटं हजर. प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने तोटी पुसा आणि दोन-तीन दिवसांनी काढत असाल तर पहिला चमचाभर सिंकमध्ये सोडा.

किती दिवसांत संपवायची याचा हिशेब घेण्याआधी करा. ग्लास १५० मिलीचा धरला तर तीन लिटरचे वीस ग्लास होतात. पाच आठवड्यांत संपवायचे तर आठवड्याला चार. दीड लिटरला आठवड्याला दोन. घरात शनिवारी एकच ग्लास होत असेल तर खोका नको, कॅन किंवा छोटी बाटली घ्या. ज्यांच्या घरी श्रावण पाळतात त्यांनी तर गटारीच्या आधल्या आठवड्यात नवा खोका मुळीच फोडू नये. महिनाभर तो फ्रिजमध्ये बसतो आणि गणपतीचं विसर्जन होईपर्यंत हात लावत नसाल तर सहा आठवड्यांची मुदत कधीच उलटलेली असते.

खोक्याचा खरा दोष आमच्या मते चवीचा नाही. आत किती उरली ते दिसत नाही, हा आहे. बाटलीत पातळी दिसते, हात आवरतो. तोटीखाली ग्लास धरला की 'थोडीशी' म्हणता म्हणता दोनशे मिली होते. उपाय स्वयंपाकघरातला वजनकाटा. तीन लिटरचा भरलेला खोका सव्वातीन किलोच्या आतबाहेर भरतो, उघडण्याआधी वजन करून पुठ्ठ्यावर पेनाने लिहून ठेवा. नंतर प्रत्येक ग्लासमागे सुमारे दीडशे ग्रॅम कमी होतात. शेवटच्या तीन-चारशे मिलीला धार मंदावते तेव्हा खोका तिरका करून आपटू नका. पुठ्ठा उघडा, पिशवी बाहेर काढा, तोटी खाली ठेवून वरून हलक्या हाताने दाबत आणा. एक ते दोन ग्लास निघतात, लोक ते खोक्यासकट टाकून देतात.

जेवणाशी लावायची तर पांढऱ्या खोक्याची जागा तळलेल्या माशापाशी आहे. रव्यातले बोंबील, कोळंबी कोळीवाडा, कोथिंबीर वडी, अगदी साधी भजीसुद्धा. तेलकटपणा आंबटपणाने कापला जातो. झणझणीत मटणाच्या रश्श्याबरोबर तुरट लाल वाईन घेतली तर तिखट आणखी चढतं आणि दोन्ही वाया जातात. त्यापेक्षा तिथे थंड रोझे घ्या. आणि स्वयंपाकात घालायला तर खोक्यासारखी सोय नाही, मश्रूममध्ये किंवा कोळंबीत अर्धी वाटी हवी म्हणून बाटली फोडायला नको.

हॉटेलात ग्लासने वाईन मागवताना वेटरने 'बॉक्समधली आहे' असं सांगितलं तर नाराज होऊ नका. काउंटरवर चार दिवसांपूर्वी फोडलेल्या बाटलीपेक्षा ती ताजी असण्याची शक्यता जास्त. विचारायचंच असेल तर बाटली कधी उघडली ते विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर बिअर मागवा.

रिकामा झाल्यावर पुठ्ठा रद्दीत जातो, भंगारवाला घेतो. पिशवीचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ती कुणी घेत नाही. ती धुऊन सुक्या कचऱ्यात टाका, न धुता टाकलीत तर सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्याभोवती संध्याकाळपर्यंत चिलटांचा थवा जमतो.